शहाण्णव ठिपक्यांचा इंच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. वसई तालुका नव्या जिल्ह्यात गेला. वसई-विरारमधल्या आम्हा छपाईवाल्यांच्या दृष्टीने या बातमीचा अर्थ अगदी साधा होता. प्रत्येक लेटरहेड, प्रत्येक पावतीपुस्तक, शाळेचा प्रत्येक दाखला आणि सोसायटीची प्रत्येक नोटीस यांवरचे 'जि. ठाणे' काढून तिथे 'जि. पालघर' घालायचे. पाच वर्षांपूर्वी, जुलै २००९ मध्ये, वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा मिळून महानगरपालिका झाली, तेव्हाही अशीच लाट आली होती. त्यामुळे मी निर्धास्त होतो. जुनी फाइल उघडायची, एक शब्द बदलायचा, पुन्हा छापायची. दहा मिनिटांचे काम.

ते दहा मिनिटांत का झाले नाही, याची ही हकिगत आहे. हकिगत माझ्या छोट्याशा दुकानाची असली तरी तिची पाळेमुळे बरीच लांब, १९८४ सालापर्यंत आणि थोडी त्याच्याही मागे जातात.

त्या वर्षी गणपतीच्या आधी मुलाने मला नवा लॅपटॉप घेऊन दिला होता. पडदा १३.३ इंची आणि त्यावर आडवे ३२०० व उभे १८०० ठिपके. ठिपके म्हणजे ज्यांना कॉम्प्युटरवाले पिक्सेल म्हणतात ते. छायाचित्रे अशी दिसत की हात लावून पाहावा. मोठ्या हौसेने मी त्यावर आमचा पाने लावायचा जुना प्रोग्रॅम चढवला, एका शाळेची फाइल उघडली आणि चष्मा पुसला. मग दुसरा चष्मा घातला. पडद्याच्या वरच्या कडेला मुंग्यांची रांग चालावी तशी काहीतरी अक्षरे होती. ती त्या प्रोग्रॅमची कामाची यादी होती. बटणे टाचणीच्या डोक्याएवढी. दुसरीकडे मराठी टाइप करण्यासाठी लागणारा जो छोटा प्रोग्रॅम होता, त्याची चौकट बरोबर आकाराची होती, पण तिच्यातली अक्षरे पावसात भिजलेल्या पोस्टकार्डासारखी फुगलेली आणि फिसकटलेली. एकाच पडद्यावर एक प्रोग्रॅम इतका बारीक की वाचता येत नाही आणि दुसरा इतका धूसर की वाचवत नाही. लॅपटॉप बिघडला असेल म्हणून मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काका, पडदा चांगला आहे म्हणून असं होतंय." हे उत्तर मला तेव्हा उर्मट वाटले. ते शब्दशः खरे होते.

आता थोडे मागे जाऊ.

अक्षराला आकार बदलायला सांगता येते, ही कल्पना तशी अलीकडची. आमच्या नालासोपाऱ्यात, म्हणजे प्राचीन शूर्पारकात, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या लेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचाही तुकडा सापडला. दोन्ही दगड आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. त्यांवर ब्राह्मी अक्षर ज्या मापाचे कोरले त्याच मापाचे आजही आहे. छापखान्यातला शिशाचा खिळाही तसाच. बारा पॉइंटाचा खिळा बारा पॉइंटाचाच राहणार. मोठे अक्षर हवे तर दुसरी केस उघडायची आणि दुसऱ्या मापाचे खिळे काढायचे. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, त्याच्या सुबक टाइपाचे कौतुक जुनी माणसे करीत. त्या सुबकपणाचे एक कारण हेही होते की प्रत्येक मापाचा टाइप कारागिराने त्या त्या मापासाठी वेगळा घडवलेला असे. लहान टाइपात अक्षरातली पोकळी थोडी मोठी ठेवायची, नाहीतर शाई भरून 'घ' आणि 'ध' सारखे दिसू लागतात. हे शहाणपण माणसाच्या हातात होते.

कॉम्प्युटरने अक्षर ठिपक्यांनी काढायला सुरुवात केली तेव्हा पहिला प्रश्न आला तो मापाचा. कागदावर एका इंचात ७२ पॉइंट. १९८४ साली आलेल्या ॲपलच्या मॅकिंतॉशने पडद्यावरही इंचाला ७२ ठिपकेच ठेवले. एक पॉइंट म्हणजे एक ठिपका, हिशेब सरळ. पडद्यावर जेवढे दिसेल तेवढेच कागदावर उमटेल. मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी वेगळा विचार केला. कागद आपण जवळ धरतो, पडदा लांब असतो, शिवाय आठ-नऊ पॉइंटाचे अक्षर इतक्या कमी ठिपक्यांत नीट उमटत नाही. म्हणून त्यांनी ते एक तृतीयांशाने वाढवले आणि इंचाला ९६ ठिपके असे ठरवले. बारा पॉइंटाचे अक्षर आता सोळा ठिपके उंच झाले.

हा इंच नावाचाच इंच होता, हे लक्षात घ्या. त्या काळातल्या फुगीर काचेच्या पडद्यावर पट्टी लावून पाहिली तर तो मोजपट्टीवरच्या इंचाशी क्वचितच जुळे. चौदा इंची मॉनिटरवर तो बराच मोठा निघे. तरीही प्रोग्रॅम लिहिणाऱ्या जगभरच्या लोकांनी ९६ हा आकडा मनात पक्का धरला. तोंडपाठ झालेल्या पाढ्याची मुले पुन्हा बेरीज करून खात्री करीत नाहीत, तसे.

या सोळा ठिपक्यांत इंग्रजी अक्षर आरामात मावे. देवनागरीचे काय? 'मूर्तींना' हा शब्द घ्या. त्यातल्या मधल्या अक्षराला वेलांटी आहे, रफार आहे आणि अनुस्वारही आहे. 'दुर्गुण' घेतला तर 'गु'च्या डोक्यावर रफार आणि पायाशी उकार. म्हणजे आपले अक्षर तीन मजली. वर मात्रा, मध्ये अंग, खाली उकार. सोळा ठिपक्यांतून वरच्या मजल्याला चार-पाच द्या, खालच्याला तीन-चार द्या, एक शिरोरेषेला द्या, की अंगासाठी उरतात सहा-सात. त्यात 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध' बसवायचे. प्रोग्रॅममधल्या याद्या आणि बटणांवरची अक्षरे तर आठ पॉइंटाची असत, म्हणजे जेमतेम अकरा ठिपके. अकरा ठिपक्यांत तीन मजले बांधणे म्हणजे चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत लग्न लावण्यासारखे आहे. लग्न लागते, पण वऱ्हाडी जिन्यावर उभे राहतात.

आपल्या लिपीला पडद्यावर जागा मिळवून देण्यासाठी बऱ्याच माणसांनी कष्ट घेतले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले 'जिस्ट' हे तंत्र, भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ठरलेले 'इस्की' हे मानक, त्याच वर्षी जगाच्या पातळीवर आलेली 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती, हे त्यातले मोठे टप्पे. पण एक नाव मला आवर्जून घ्यायचे आहे ते र. कृ. जोशी यांचे. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अक्षरकला शिकवलेला हा माणूस. विंडोज २००० बरोबर घरोघरी आलेला 'मंगल' हा फाँट त्यांचा. २००८ साली ते गेले. मंगलला आम्ही छपाईवाल्यांनी नावे ठेवली, कारण छपाईत तो आम्हाला रुचत नसे आणि त्याच्या ओळी फार ऐसपैस पडत. तो मुळात कागदासाठी नव्हे तर पडद्यासाठी होता, आणि तो ऐसपैसपणा तीन मजल्यांसाठी राखलेला होता, हे समजायला मला उशीर लागला. ज्या चौकटी इंग्रजीच्या मापाने आखलेल्या होत्या त्यांत मराठी शब्दांचे उकार खालून छाटले जात. दोष फाँटाचा नव्हता. चौकट आखणाऱ्याने ठिपके मोजून आखली होती.

आमचे दुकान मात्र मंगलवर चालत नव्हते. वडिलांचा ट्रेडल मशीनचा छापखाना होता. १९९५ मध्ये मी कॉम्प्युटर आणला, तेव्हा युनिकोड आमच्यापर्यंत पोचलेला नव्हता. डीटीपीच्या दुकानांत चालत ते वेगवेगळ्या कंपन्यांचे फाँट. त्यांची युक्ती अशी की इंग्रजी अक्षरांसाठी असलेल्या २५६ खणांतच आपल्या अक्षरांचे तुकडे भरायचे. एका खणात अर्धा 'क', दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार, चौथ्यात अनुस्वार. अगदी खिळ्यांच्या केसेसारखे. आमच्या जुळाऱ्यांना ते लगेच उमगले, कारण शिशाच्या खिळ्यांतही अंग वेगळे आणि मात्रा वेगळी असायचीच. पण प्रत्येक कंपनीचे खण वेगळे. एका कंपनीच्या फाँटात लिहिलेली फाइल दुसऱ्या फाँटात उघडली की निव्वळ गचाळा. त्यामुळे ज्या प्रोग्रॅममध्ये काम केले त्या प्रोग्रॅमशी, त्या फाँटाशी आणि त्या टाइप करायच्या साधनाशी आमची कायमची गाठ बसली. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, शाळांची नियतकालिके, सहकारी संस्थांचे अहवाल या गाठीत बांधले गेले. दोन कपाटे भरून सीडी. महाराष्ट्रातल्या असंख्य छोट्या छापखान्यांची हीच अवस्था आहे.

आता त्या बारीक बटणांकडे परत येतो. विंडोजमधल्या सर्वसाधारण बटणाचे माप पाहा : ७५ ठिपके रुंद, २३ ठिपके उंच. इंचाला ९६ ठिपके धरले तर हे बटण दोन सेंटिमीटर रुंद आणि सहा मिलिमीटर उंच होते. बोट ठेवावे असे. माझ्या नव्या पडद्यावर इंचाला २७६ ठिपके होते. तेच बटण तिथे सात मिलिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर उंच झाले. सोळा ठिपक्यांचे अक्षर झाले दीड मिलिमीटरचे, मोहरीच्या दाण्याएवढे. त्यात तीन मजले.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हे टाळता आले नसते का? आले असते. विंडोजमध्ये चौकटीचे माप फाँटाच्या उंचीवरून घ्यायची सोय फार पूर्वीपासून होती. विंडोज ९५ मध्ये 'मोठी अक्षरे' असा पर्यायही होता, त्यात इंचाला ९६ ऐवजी १२० ठिपके धरले जात. नव्वदीत लोकप्रिय झालेल्या व्हिज्युअल बेसिकमध्ये तर माप ठिपक्यांत नसून इंचाच्या १४४० भागांत असे. पण १४४० ला ९६ ने भागले की १५ येतात, आणि पुष्कळ जणांनी सरळ '१५' हाच आकडा प्रोग्रॅममध्ये लिहून टाकला. १२० च्या पडद्यावर तो १२ होतो याचा विचार कोण करणार? लिहिणाऱ्याच्या टेबलावरचा पडदा ९६ चा, गिऱ्हाइकाच्या टेबलावरचाही ९६ चा. दोघेही सुखी. त्यांना मी आळशी म्हणणार नाही. 'जि. ठाणे' हे शब्द मीही शेकडो फाइलींत हाताने टाइप केले होते, जिल्हा कधी बदलेल असे मला तरी कुठे वाटले होते?

जुन्या काचेच्या मॉनिटरने हा दोष बराच काळ झाकून ठेवला. अक्षर बारीक वाटले तर सेटिंगमध्ये जाऊन १०२४ बाय ७६८ चे ८०० बाय ६०० करायचे, सगळे मोठे होई आणि चित्र बऱ्यापैकी स्वच्छ राही. सपाट पडदे आले आणि ही पळवाट बंद झाली. त्यांचे ठिपके कारखान्यातच पक्के ठरलेले असतात. कमी ठिपके मागितले तर तो ताणून दाखवतो आणि अक्षर पुसट होते.

पुढे काय वाढून ठेवले आहे याची चुणूक २००१ मध्येच दिसली होती. आयबीएमने २२ इंची पडदा काढला, ३८४० बाय २४०० ठिपक्यांचा, इंचाला दोनशेच्या वर. तो इतका महाग होता की सामान्य माणसाचा संबंध आला नाही. संबंध आला तो फोनमुळे. २०१० मध्ये आयफोन ४ आला तो इंचाला ३२६ ठिपके घेऊन. छपाईच्या भाषेत सांगायचे तर १९८४-८५ मध्ये लेझर प्रिंटर आले ते इंचाला ३०० ठिपके छापत, आणि त्यांच्यावरच डीटीपीचा सगळा धंदा उभा राहिला. म्हणजे पंचवीस वर्षांनी पडद्याने प्रिंटरला गाठले. देवनागरीला याचा जेवढा फायदा झाला तेवढा इंग्रजीला खचितच झाला नसेल. आज फोनवर मराठी वाचताना रफार रफारासारखा दिसतो, शिरोरेषा अखंड दिसते, याचे मोठे श्रेय त्या ठिपक्यांना आहे. शिवाय फोनच्या प्रोग्रॅमवाल्यांवर जुन्या सवयीचे ओझे नव्हते. अँड्रॉइडने तर ठिपके न मोजता इंचाच्या १६० व्या भागात मोजा, असेच शिकवले.

टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मात्र वीस-वीस वर्षांचे प्रोग्रॅम बसलेले होते. ॲपलने २०१२ मध्ये लॅपटॉपचे ठिपके सरळ दुप्पट केले. जुन्या एका ठिपक्याच्या जागी नवे चार, दोन आडवे, दोन उभे. दुप्पट हा आकडा सोयीचा, कारण त्यात अपूर्णांक नाही. विंडोजला इतके सोपे नव्हते. तिथे शेकडो कंपन्यांचे पडदे, कुणाचे सव्वापट, कुणाचे दीडपट. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टाने एक तोडगा काढला होता. ज्या प्रोग्रॅमने 'मला बारीक ठिपक्यांचा पडदा समजतो' असे जाहीर केलेले नाही, त्याला विंडोज सांगते की पडदा ९६ चाच आहे. तो बिचारा ९६ च्या हिशेबाने चित्र काढतो आणि विंडोज ते चित्र फोटो मोठा करावा तसे ताणून दाखवते. आकार बरोबर, अक्षर धूसर. माझ्या टाइप करायच्या साधनाचे नेमके हेच झाले होते. उलट, ज्या प्रोग्रॅमने 'मला समजते' असे जाहीर केलेले असते त्याच्या वाटेला विंडोज जात नाही. आमच्या पाने लावायच्या प्रोग्रॅमने तसे जाहीर केले होते. त्याला काहीही समजत नव्हते. म्हणून मुंग्या.

दीडपटीचा एक खास मराठी त्रास आहे. शिरोरेषा एक ठिपका जाड असेल तर दीडपट केल्यावर ती दीड ठिपक्याची व्हायला हवी. अर्धा ठिपका नसतो. मग एक काळा आणि एक करडा असे काहीतरी होते. तुकड्यांच्या जुन्या फाँटांत तर प्रत्येक तुकडा आपापली शिरोरेषा घेऊन येतो आणि शेजाऱ्याला भिडतो. रुंदीची बेरीज अपूर्णांकात गेली की दोघांमध्ये केसाएवढी फट पडते. सगळी ओळ उसवलेल्या शिवणीसारखी दिसते. कागदावर छापले की फट नाही. फक्त पडद्यावर. आणि आम्ही तपासतो पडद्यावर.

त्याचा फटका मला लवकरच बसला. एका संस्थेची लेटरहेडे होती. जुनी फाइल काही केल्या उघडेना, म्हणून नव्याने टाइप केली. पत्त्यात 'अर्नाळा' होते. तुकड्यांच्या फाँटात रफार ही वेगळी कळ. ती दाबली गेली नाही, किंवा दाबली आणि चुकून खोडली गेली. दीड मिलिमीटरच्या अक्षरावर रफार आहे की नाही ते मला दिसले नाही. मोठे करून पाहिले तेव्हा शिरोरेषेवर इतके करडे डाग होते की त्यातलाच एक रफार असावा असे वाटले. 'जि. पालघर' तेवढे मी तीनदा तपासले, कारण नवे तेच होते. पाचशे कागद छापून झाले. संस्थेचे चिटणीस आले, गठ्ठ्यावरचा पहिला कागद उचलला आणि म्हणाले, "हे अनाळा कुठे आलं हो?" एवढेच. रागावले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते. पाचशे कागद रद्दीत गेले आणि दुसरे मी पदरच्या पैशांनी छापून दिले.

आमच्याकडे वडिलांच्या वेळचे एक जुळारीकाका होते. सत्तरी ओलांडली तरी अधूनमधून प्रुफे वाचायला येत. स्टिकमध्ये जुळवलेले खिळे उलटे असतात, आरशातल्यासारखे, आणि काका ते धावत्या नजरेने वाचत. रद्दीत गेलेला कागद मी त्यांना दाखवला, मग लॅपटॉपवरची फाइल दाखवली. त्यांनी पडद्याला नाक लावले, मान तिरकी केली, चष्मा कपाळावर चढवला. शेवटी म्हणाले, "बाबा, उलटी अक्षरं मी चाळीस वर्षं वाचली. ही सुलटी आहेत ना?" मग त्यांनी विचारले की तो जुना पडदा कुठे आहे.

जुना पडदा माळ्यावर होता. सतरा इंची, सपाट, १२८० बाय १०२४ ठिपक्यांचा. तो खाली काढून लॅपटॉपला जोडला, पुसला, प्रोग्रॅमची खिडकी ओढून त्यावर नेली. सगळे जागच्या जागी बसले. अक्षरे पूर्वीसारखी, ठिपक्याठिपक्यांची, पण वाचता येणारी. पुढे एकदा सहज मी त्या पडद्यावर पट्टी लावली आणि गणित केले. इंचाला बरोबर ९६ ठिपके. म्हणजे तो नावाचा इंच आमच्या माळ्यावर खराखुरा इंच होऊन पडला होता. काकांना हे सांगायचे राहून गेले.

दोन वेगळ्या मापांचे पडदे एकाच यंत्राला जोडण्याची कटकट वेगळीच. २०१३ च्या शेवटी आलेल्या विंडोज ८.१ ने प्रत्येक पडद्याचे माप वेगळे धरायला सुरुवात केली होती, पण जुन्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ता नसतो. खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओढताना मध्येच ती दुप्पट फुगे किंवा निम्मी होई. २०१७ मध्ये विंडोज १० ला एक सुधारणा आली. आता प्रोग्रॅमच्या चिन्हावर उजवी क्लिक करून, प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीच्या पानावर जाऊन, त्याचे जाहीर केलेले म्हणणे आपण रद्द करू शकतो आणि विंडोजला मोठे करून दाखवायला लावू शकतो. त्यातला 'सिस्टिम एन्हान्स्ड' हा पर्याय काही जुन्या प्रोग्रॅमची अक्षरे नुसती न ताणता नव्याने स्वच्छ काढतो. सगळ्यांची नाही. माझ्या टाइप करायच्या साधनाची काढली, पाने लावायच्या प्रोग्रॅमची चित्रे मात्र वेडीवाकडी केली. ज्यांच्याकडे पतपेढीचा किंवा सोसायटीच्या हिशेबाचा जुना प्रोग्रॅम आहे आणि नव्या लॅपटॉपवर आकडे दिसत नाहीत, त्यांनी हे एकदा करून पाहावे. आकडे वाचताना ३ आणि ८ यांत गफलत होणे हे अर्नाळ्याचा रफार गळण्यापेक्षा महागात पडते.

प्रोग्रॅम नवा का घेतला नाही, असे तुम्ही विचाराल. घेतला. नवी कामे आता युनिकोडमध्येच होतात. पण नवा प्रोग्रॅम जुनी फाइल उघडत नाही, आणि ज्यांनी जुना केला ती मंडळी तो धंदा केव्हाच बंद करून गेली. त्यामुळे जुन्या फाइली एकेक करून जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडायच्या, मजकूर बाहेर काढायचा, त्याचे खण बदलून युनिकोड करायचा आणि मग शब्दन् शब्द वाचायचा, असे काम मी सुरू केले. करोनाच्या टाळेबंदीत, २०२० मध्ये, ते बरेच पुढे सरकले.

त्या कामात एक गंमत उघडकीला आली. युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात ठिकठिकाणी एकाच अक्षरावर दोन-दोन अनुस्वार निघाले. 'नंदाखाल'मध्ये दोन. 'संस्था'मध्ये दोन. एका स्मरणिकेत तर एका अक्षरावर तीन. जुन्या फाँटात अनुस्वार दुसऱ्या अनुस्वाराच्या बरोबर डोक्यावर बसे, त्यामुळे पडद्यावर एकच दिसे आणि कागदावरही एकच छापला जाई. कळ दाबली की नाही याची खात्री नसल्यामुळे टाइप करणाऱ्याने पुन्हा दाबलेली. ते टाइप करणारे बहुतेक वेळा मीच असणार. १९९७-९८ मधल्या फाइलींत हे फार, तेव्हा आमच्याकडे चौदा इंची मॉनिटर होता. २००५ नंतरच्या फाइलींत कमी, तो सतरा इंची सपाट पडदा आल्यावर. पडद्यावर मला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते, याची नोंद त्या फाइलींत अशी नकळत राहून गेली आहे.

दोन कपाटांपैकी एक रिकामे झाले आहे. दुसऱ्यातल्या काही सीडी आता वाचल्या जात नाहीत, त्यांचा वरचा थर सुटला आहे. ज्या वाचल्या जातात त्यांच्यासाठी सतरा इंची पडदा टेबलावर आहेच. उजव्या कोपऱ्यात एक उभी हिरवी रेघ आली आहे, पण ती मजकुराच्या बाहेर पडते. मागच्या महिन्यात विरारचे एक गृहस्थ आले होते. त्यांच्या आईने २००३ मध्ये गावाच्या देवळाविषयी लिहिलेली छोटी पुस्तिका आम्ही छापली होती, एकही प्रत घरात उरलेली नव्हती. फाइल सापडली. मी ती जुन्या पडद्यावर उघडली आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी पहिले पान वाचले, मग खिशातून फोन काढला आणि त्या पडद्याचा फोटो घेतला.